मुरलेली माती

भाचीनं पुण्याहून आमच्या भावंडांच्या ग्रुपवर फोटो टाकला. चौदाव्या मजल्यावरची गॅलरी, सहा कुंड्या, त्यांत वाळून काटक्या झालेली टमाट्याची झाडं, आणि खाली प्रश्न : ‘‘मावशी, ही जुनी माती कुठं टाकू? कचऱ्याच्या गाडीवाले घेत नाहीत. नवीन मातीच्या पिशव्या मागवल्यात.’’

दहा मिनिटांत अकरा उत्तरं आली. थोरला भाऊ एरवी सकाळी एक फूल पाठवतो आणि दिवसभर गप्प असतो. त्यानं लिहिलं, ‘‘टाकायची नाही म्हणजे नाही.’’ मधल्यानं मातीचा जवळून फोटो मागितला. परभणीच्या वहिनीनं विचारलं, ‘‘हुमणी पाहिली का आधी?’’ धाकटीनं नुसतं ‘‘मायनं बघितलं असतं ना...’’ एवढंच लिहिलं, पुढची टिंबं आम्हां सगळ्यांना कळली. भाची बिचारी घाबरली. ‘‘मातीच आहे ना,’’ असं तिनं लिहिलं आणि मग तर काही विचारू नका.

आम्ही सगळे सख्खे-चुलत मिळून एका घरातले. आष्टीचे. बीडची आष्टी नाही, वर्ध्याचीही नाही. जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. हे सांगता सांगता आमचं निम्मं आयुष्य गेलं. एका सोयरिकीचे पाहुणे चुकून बीडच्या आष्टीला जाऊन बसले होते आणि इकडं पोह्यांचं पातेलं गार झालं होतं. जालना जिल्हाही आमचा जन्मापासूनचा नाही. १ मे १९८१ ला तो नवा झाला, तोवर परतूर तालुका परभणीत होता. त्यामुळं आमच्यातल्या थोरल्यांच्या दाखल्यावर जिल्हा परभणी आणि धाकट्यांच्या दाखल्यावर जालना. घर तेच, मोरी तीच, परसातले डबे तेच.

त्या डब्यांबद्दल सांगायचं आहे.

घर माळवदाचं होतं. सागाच्या तुळया, त्यावर आडव्या फळ्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर हात-हात जाड माती. ती साधी माती चालत नसे. पांढरीची लागायची. गावाची काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या जिथं घरं उभी राहिली, पडली, चुली पेटल्या, राख सांडली, गुरं बांधली, त्या जागेची माती पांढुरकी, चिकट आणि खारट होते. मृगाच्या आधी गाडीभर पांढरी यायची, माळवदावर पसरायची, चोपायची. मग पावसाळाभर घर गळत नसे. म्हणजे कमी गळे. गळणाऱ्या जागा ठरलेल्या होत्या आणि पातेलीही ठरलेली होती.

हीच पांढरी लोक शेतातही न्यायचे, खत म्हणून. जुन्या टेकाडांची माती अशी गाड्यांनी गेली याचा इतिहासकारांना राग येतो, आणि तो खराच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या भोकरदनच्या पांढरीत खोदलं तर सातवाहनांच्या काळच्या वस्तू निघाल्या. आमच्या डब्यांत कधी खापराचा तुकडा निघाला की थोरला भाऊ तो सातवाहनांचा आहे असं ठामपणे सांगायचा. तो बहुधा मागच्या वर्षी फुटलेल्या रांजणाचा असायचा.

माळवदावर नवी माती पडायच्या आधी वरची जुनी, धुपलेली, गवताच्या मुळ्यांनी भरलेली माती खरवडून काढत. ती खाली परसात पडायची. आमची आजी, जिला सगळं घर माय म्हणायचं, त्या ढिगातून पाच-सहा टोपली बाजूला काढून ठेवायची. ‘‘लई पावसाळे खाल्लेत हिनं,’’ म्हणायची, ‘‘खार निघून गेलाय.’’ ही माती तिच्या डब्यांसाठी.

डबे म्हणजे काय, तर घरात जे रिकामं होईल ते. डालड्याचे पिवळे डबे, रॉकेलचे चौकोनी डबे, बूड गेलेली घमेली, कान तुटलेली घागर, तडा गेलेला रांजण. सगळे मोरीच्या पाण्याच्या वाटेवर मांडलेले. मोरीच्या तोंडाशी चमकुरा, ज्याला पुण्याकडं अळू म्हणतात, तो माजलेला असायचा. त्याच्या पुढं डब्यांची रांग. वांगी, मिरच्या, टमाटे, मेथी, शेपू, चुका, अंबाडी. शेत होतंच, पण शेत ज्वारीचं, कापसाचं, तुरीचं. भाजीचं शेत म्हणजे मायचे डबे. तिथं घरातल्या बाप्यांचं काही चालायचं नाही.

चैत्र सरता सरता, अक्षय्य तृतीयेच्या आधी, डबे मोकळे करायचा दिवस यायचा. अक्षय्य तृतीयेला दोडक्या-कारल्याची आळी करायची असत, त्याच्या आत हे उरकायचं. आठ दिवस आधी माय डब्यांचं पाणी तोडायची. माती सुकून काठापासून सुटली की आम्हां पोरांना हाक. डबा आडवा पाडायचा, पायानं दोन-तीनदा इकडून तिकडं लोळवायचा, बुडाला धपाटा घालायचा. मग आतून डब्याच्याच आकाराचा मातीचा गड्डा बाहेर यायचा आणि त्याला चारी बाजूंनी पांढऱ्या मुळ्यांची जाळी. पोरांच्या जावळासारखी. माय विळ्याच्या पाठीनं तो मधोमध फोडायची आणि पहिलं काम काय, तर नाकाशी न्यायची.

वास दोनच प्रकारचे. ‘पावसाचा’ आला तर माती चांगली. ‘मोरीचा’ आला तर खाली पाणी साचून माती आंबली, ती वेगळी टाकायची, उन्हात जास्त दिवस. आम्हीही नाकं खुपसायचो आणि आपापला निकाल द्यायचो. मधला भाऊ नेहमी ‘मोरीचा’ म्हणायचा, कारण मग तो डबा त्याला चाळावा लागत नसे.

मग हुमणी. पांढऱ्या, जाडजूड, अर्ध्या चंद्रासारख्या वळलेल्या अळ्या. त्या मुळ्या कुरतडतात आणि वरचं झाड एक दिवस उगाच माना टाकतं. त्या वेचून कवेलूच्या तुकड्यावर ठेवायच्या, कावळे-साळुंक्या टपलेल्या असायच्याच. गांडूळ निघालं तर मात्र ओंजळीत धरून चमकुऱ्यात सोडून यायचं. एकदा धाकटीनं त्याला काडीनं टोचलं तर माय केवढ्यानं ओरडली होती. ‘‘सालगडी हाय तो आपला. अन् साल बी मागत न्हाई.’’

जाड मुळ्या उकिरड्यावर. बाकीचा गड्डा फोडून, चुरून बारदानावर उन्हात. दहा-बारा दिवस. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन, अंगणात अनवाणी उभं राहता येत नाही ते. माय दिवसातून दोनदा हात फिरवून माती उलटीपालटी करायची, शेवया वाळवाव्यात तशी. शेजारीच खरोखरीच्या शेवया-कुरडया वाळत असायच्या आणि शेजारच्यांची मांजर नेमकी दोन्हींत फरक करायची नाही. मग गव्हाची मोडकी चाळणी. मग भरणी : तीन टोपली जुनी माती, एक टोपलं उकिरड्याचं मुरलेलं खत, वाळल्या निंबोळ्यांचा चुरा ओंजळभर, चुलीतली राख मिठागत, चिमटीनं. बुडाला खापऱ्या. आणि हे विसरायचं नाही : प्रत्येक डब्यात त्याच डब्यातली मूठभर माती न वाळवलेली, सावलीत ओल्या फडक्यात ठेवलेली. ते विरजण.

विरजण हा तिचाच शब्द. त्या मुठीत काय असतं ते तिला सांगता आलं नसतं, आणि मुळीच गरजही वाटली नसती. दही लावताना तरी कोण सांगतं?

मधला भाऊ पुढं परभणीला कृषी विद्यापीठात शिकला. १८ मे १९७२ ला सुरू झालेलं ते विद्यापीठ, आता वसंतराव नाईकांच्या नावाचं. पहिल्या सुट्टीत घरी आला तो मायला समजावायला. आपल्या काळ्या मातीत चुना मुळातच जास्त, ती विम्लधर्मी, राखेनं ती आणखी तशी होते, मग लोह असून झाडाला मिळत नाही, पानं पिवळी पडतात, वगैरे. माय ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ‘‘म्हणून तर चिमटीनं घालते. तू काय टोपल्यानं घालतूस का?’’ त्यानंतर तो तिला काही समजावायला गेला नाही. तिच्याकडून वहीत उतरवून घ्यायला लागला.

त्याच्याच वहीमुळं आम्हांला उशिरा कळलेली एक गोष्ट अशी. रानातली ताजी काळी माती डब्यात भरली तर काही धड येत नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, काठापासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून ओली, आत कोरडी. डब्यात राहायला तिला शिकवावं लागतं. वर्षानुवर्षं खत, मुळ्यांचा चुरा, माळवदाची पांढरी, निंबोळी मिसळत राहिलं की तिचा चिवटपणा जातो, हातात भुसभुशीत होते. माय याला ‘माणसाळलेली माती’ म्हणायची. वाड्याच्या डब्यांतली माती किती जुनी होती कोण जाणे. तिच्या सासूच्या वेळचे रांजण होते त्यात. जुनी माती फेकणं म्हणजे शिकवलेला बैल सोडून देऊन गोऱ्हा जुंपण्यासारखं, एवढा साधा तो हिशेब.

पण जुनी माती म्हणजे जसंच्या तसं पुन्हा तेच लावायचं, असंही नाही. इथं तिचे नियम कडक. वांगं, टमाटं, मिरची या एका घरच्या तिघी. ‘‘जावंच्या मागं जाऊ बसवायची न्हाई, भांडी एकमेकीवर आदळत्यात.’’ आज पुस्तकात लिहितात की ही तिन्ही पिकं एकाच कुळातली, एकीचा मर रोग मातीत राहतो आणि दुसरीला धरतो. मायची खूण चुन्याच्या बोटाची होती. डब्यावर चुन्याचं एक बोट म्हणजे या वर्षी या तिघींपैकी कुणीतरी होती, पुढच्या वर्षी तिथं मेथी-शेपू किंवा चवळी. दोन बोटं म्हणजे पालेभाजी होती. तीन बोटं म्हणजे चवळी-घेवडा होऊन गेला, आता खुशाल वांगं लावा. शेंगेच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र सोडतात हे आम्ही सातवीत शिकलो. तोवर तीन बोटांच्या डब्यातलं वांगं काळंभोर येतं हे आमच्या तोंडपाठ होतं.

नवरात्रात घटाची वावरी शेतातून यायची. पत्रावळीवर काळी माती, त्यात धान्य, वर पाझरणारा घट. दसऱ्याला पिवळे तुरे बाप्यांच्या टोपीत जायचे आणि खालची माती देवघरासमोरून थेट पहिल्या डब्यात. तिच्यावर मेथी. देवाची माती म्हणून वेगळं काही सोवळं नसे.

बहात्तरचा दुष्काळ आमच्यातल्या दोघा-तिघांनाच आठवतो, बाकीच्यांना ऐकून आठवतो. दादा, म्हणजे आमचे वडील, पाझर तलावाच्या कामावर जायचे आणि बाई, म्हणजे आमची आई, खडी फोडायला. घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्यांचा रंग बघून पोरं रडायची. मोरीला पाणीच नाही तर डब्यांना कुठलं? मायनं त्या वर्षी डबे रिकामे केले, पण माती सोडली नाही. माजघराच्या कोपऱ्यात बारदानाखाली ढीग करून ठेवली, वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून. माणसांना झोपायला जागा नाही आणि कोपऱ्यात माती, यावरून घरात भांडण झालं म्हणतात. काकूनं त्या मातीवर गोधडी टाकून दोन महिने झोपून काढले. उन्हाळ्यात तिथं गार लागतं, हा शोध तिचा. त्र्याहत्तरला पाऊस झाला तसे डबे पुन्हा भरले. घराला पहिली मिळालेली भाजी चुका होती. आंबट. सगळ्यांनी रडत खाल्ली असं माय सांगायची, आणि ते आंबटपणामुळं की कशामुळं हे तिनं कधी उलगडलं नाही.

नंतर नवी भेंडी आली. तिच्याआधी भेंडीच्या शिरा पिवळ्या पडायच्या, केवडा पडला म्हणायचे, आणि झाड वाया. ‘परभणी क्रांती’ हे त्या रोगाला दाद न देणारं वाण १९८५ मध्ये विद्यापीठानं दिलं आणि मधल्यानं खिशातून पुडी आणली. रॉकेलच्या डब्यात दोन-दोन झाडं. घरात एवढी भेंडी खाल्ली की माझ्या धाकट्या चुलतभावाला आजही भेंडी समोर आली की उठून जावंसं वाटतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याकडं नुसती मांडणीवरची भांडी वाजली. किल्लारीच्या भूकंपाचं दुसऱ्या दिवशी कळलं. दगड-मातीच्या घरांखाली झोपेत माणसं गेली हे ऐकल्यावर माळवदाकडं बघायची सगळ्यांची नजर बदलली. दोन वर्षं दादा रात्री आढ्याकडं बघत पडायचे. मग उन्हाळ्यात माळवद उतरवायला काढलं. मी तेव्हा लेकरं घेऊन माहेरी गेले होते. वरून माती खाली पडत होती, धुळीनं अंगण दिसत नव्हतं, आणि त्या धुळीत माय तोंडाला पदर बांधून बसलेली. कुठली गाडी शेताला, कुठली परसाला, हे ती हातवाऱ्यानं सांगत होती. सोळा गाड्या निघाल्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘‘आजी, रस्त्याच्या खड्ड्यात टाकतो, फुकट नेतो.’’ तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो विडी विझवून निघून गेला.

स्लॅबचं घर झालं. उरलेल्या विटांतून नानांनी, धाकट्या काकांनी, परसात नाडेपचा हौद बांधला. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ती पद्धत. विटांमध्ये भोकं ठेवून दहा-बारा फूट लांब, तीन फूट उंच हौद बांधायचा. पालापाचोळा, शेणकाला, माती असे थर द्यायचे आणि वरून लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार, थोड्या शेणात भरपूर. मायला त्यातलं दोनच गोष्टींचं कौतुक. एक, त्या माणसाच्या आडनावातच पांढरी आहे. दुसरं, ‘‘उकिरड्याला भिंती आल्या, आता दार बी लावा.’’ पण पहिल्या भरणीचं खत हातात घेऊन तिनं वास घेतला आणि काही बोलली नाही. मायनं काही न बोलणं म्हणजे पसंती.

आम्ही सगळे गाव सोडून निघालो तेव्हा मात्र शहाणपण घरीच विसरून आलो, हे कबूल केलं पाहिजे. थोरला संभाजीनगरला, मी परभणीला, कुणी पुण्याला, कुणी नांदेडला. गॅलऱ्या आल्या, रंगाचे रिकामे डबे आले आणि आम्ही एकाच डब्यात सलग तीन वर्षं टमाटे लावले. पहिल्या वर्षी टोपली भरून. दुसऱ्या वर्षी ओंजळभर. तिसऱ्या वर्षी झाडं हातभर झाली आणि भर दुपारी हिरवीच्या हिरवी लवंडली. उपटून बघितलं तर मुळ्यांवर मण्यांसारख्या गाठी. मधल्याला फोन. तो म्हणाला, सूत्रकृमी. चवळीच्या गाठी मुळाला कडेनं चिकटलेल्या असतात, नखानं सुटतात. या मुळातच फुगलेल्या, सुटत नाहीत. ‘‘ती माती भाजीला वापरू नको. ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली मे महिनाभर गच्चीवर तापव, मग झेंडू लाव, मग बघू.’’ मी म्हटलं, ‘‘मायनं काय केलं असतं?’’ तो म्हणाला, ‘‘मायनं टमाट्यावर टमाटे लावलेच नसते.’’

थोरल्याचं दुखणं वेगळं. त्याच्याकडं बोअरचं पाणी. कुंड्यांच्या काठाला पांढरी खपली यायची आणि मिरचीची पानं टोकाला जळायची. तो बिचारा खत वाढवत राहिला. त्याला खत नको होतं, माती धुवायला हवी होती. पहिल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून पाणी आरपार जाऊ द्यायचं, माळवदावरची पांढरी पावसानं धुतली जायची तसं. हे त्याला साठाव्या वर्षी उमगलं आणि त्यानं ते ग्रुपवर असं लिहिलं की जणू शोधच लावला.

तर भाचीला आम्ही सगळ्यांनी मिळून काय सांगितलं, ते असं. सांगितलं म्हणजे दोन दिवस एकमेकांचं खोडून काढत सांगितलं. पिशव्या आल्यात तर राहू देत, पण अर्धीच वापर. जुनी माती चादरीवर ओत. नारळाचा भुसा असेल तर सुकून चिपाडासारखा झाला असेल, आधी भिजव. मुळ्यांचा फोटो पाठव. गाठी नाहीत ना? वास घे. तिनं लिहिलं, ‘‘कशाचा यायला पाहिजे?’’ यावर पावसाचा की मोरीचा हे पंचवीस वर्षांच्या मुलीला फोनवर समजावणं सोपं नव्हतं. तिनं बिचारीनं घेतला. ‘‘ओल्या कपड्यांचा येतो,’’ म्हणाली. म्हणजे मोरीचाच. मग आठ दिवस ऊन. चौदाव्या मजल्यावर ऊन सकाळी नऊ ते अकराच, म्हणून तिनं चादर सोसायटीच्या गच्चीवर नेली. तिथं कुणीतरी तक्रार केली. तिनं माती परत आणली. पुन्हा नेली.

थोरला दिवाळीनंतर आष्टीला गेला होता. परसात आता दोनच रांजण उरलेत, एकात चमकुरा, एकात काहीच नाही. त्या रिकाम्या रांजणातली किलोभर माती त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि परतूरहून गाडीत बसला. डब्यात समोरच्या बाईंनी विचारलं, ‘‘काय हो, गंगाकाठची का?’’ त्यानं हो म्हणून टाकलं. ती पिशवी फिरत फिरत पुण्याला पोचली आणि भाचीनं प्रत्येक कुंडीत एकेक मूठ घातली. सहा कुंड्यांत मेथी आणि चवळी. टमाटे पुढच्या वर्षी, असं तिनं स्वतःच लिहिलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा फोटो आला. मेथी विरळ, चवळी बरी, आणि कुंडीच्या काठाला काहीतरी लालसर देठांचं, जाड पानांचं, जमिनीला चिकटून पसरलेलं. ‘‘हे मी लावलेलं नाही. उपटू का?’’

‘‘घोळ आहे ती!’’ पाच जणांनी एकदम लिहिलं. थोरला म्हणाला, माझ्या पिशवीतूनच आली. मधला म्हणाला, घोळीचं बी कुठूनही येतं, पुण्यातही असते. त्यावर दोघांची जुंपली, ती अजून मिटलेली नाही. काकू आता नव्वदीला आलीय, तिला ग्रुप वाचून दाखवावा लागतो. तिनं सगळं ऐकलं आणि नातीकडून एकच ओळ लिहून घेतली :

‘‘मुगाची डाळ घालून कर. लसूण जास्त.’’